बांधाखाली उभा राहिलेला मासेडॉक्टर

कन्नडच्या बाजारात मी एका गिऱ्हाइकाला कटल्याची गोष्ट सांगत होतो. कटला हा मासा मुळातच डोक्यानं मोठा, पण माझ्या गोष्टीतला कटला एवढा होता की त्याचं एक खवलं उपटलं असतं तर त्यावर माझ्या आईनं ज्वारीची भाकरी थापली असती. गिऱ्हाईक भाव करायचं विसरून ऐकत होतं आणि नेमका तेव्हाच खिशातला फोन वाजला. पडद्यावर नाव आलं, ‘मासेडॉक्टर’. मी कानाला लावायच्या आधीच हसायला लागलो, कारण माझी गोष्ट रंगात आली की फोन करायचा, ही डॉक्टरांची जुनी खोड. म्हटलं, “बोला डॉक्टर, शंभर वर्षं आयुष्य आहे तुम्हाला.” पलीकडून बाईमाणसाचा आवाज आला, “आबाकाका, मी नंदिनी. बाबा सकाळी गेले...” फोन त्यांच्याच नंबरावरून, पण केलेला त्यांच्या मुलीनं. पुढचं मला बाजाराच्या गलक्यात ऐकू आलं नाही असं मी लोकांना सांगतो. ऐकू सगळं आलं. आंघोळीचं पाणी तापत ठेवलं, खुर्चीत बसले, आणि पाणी उकळून आटत आलं तरी उठले नाहीत. गिऱ्हाईक विचारत होतं, “आबा, मग त्या कटल्याचं काय झालं?” काय झालं ते मला आजवर सुचलेलं नाही. माझ्या आयुष्यात अर्धी राहिलेली ती एकुलती एक गोष्ट.

याला आता काही आठवडे उलटले. भुताखेतांना मी भीत नाही हे आमच्या पंचक्रोशीत पोराटोरांनाही ठाऊक आहे. दौलताबादच्या रस्त्याला, किल्ल्याच्या वळणावर, बिनमुंडक्याचा एक निजामी शिपाई भेटतो. त्याला मी तंबाखू मळून दिलेली आहे, आणि ती त्यानं कुठं ठेवली हे विचारण्याचा उद्धटपणा केलेला नाही. पण डॉक्टर तसे भेटत नाहीत. दिसत नाहीत, कुत्री भुंकत नाहीत, काही नाही. मी माझ्या शेततळ्याच्या बांधावर चढायला जातो आणि पाय अधांतरीच थांबतो. मागून कुणीतरी हळू म्हणतं, “आबा, पाय...” एवढंच. मग मी मुकाट माघारी येतो, चुन्याच्या पाण्याच्या घमेल्यात दोन्ही पाय बुडवतो आणि मगच वर चढतो. मागं वळून बघत नाही. बघितलं आणि कुणीच नसलं तर काय करायचं, याची भीती वाटते.

डॉक्टर यशवंत नेवपूरकर माणसांचे डॉक्टर नव्हते. माशांचे होते. त्यांची माझी ओळख झाली ती माझ्या बढाईमुळं. नवीनच शेततळं खोदलं होतं, त्यात रोहू, मृगळ सोडले होते, आणि एक दिवस बघतो तर मासे बांधाच्या दगडांना अंग घासताहेत. मी गावात सांगितलं, माझे मासे म्हशीसारखे पाठ खाजवून घेतात, मी हात पाण्यात धरला की रांग लावतात. लोक बघायला यायला लागले. चहाची टपरी टाकायच्या बेतात होतो, तेवढ्यात त्या गर्दीतून एक काटकुळा उंच माणूस पुढं आला. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, चष्म्याला सुतळी बांधून ती मानेत अडकवलेली, खांद्यावर झोळी. त्यानं न विचारता एक मासा उचलला, भिंगातून बघितला आणि म्हणाला, “यांना खाज सुटली आहे. उवा झाल्यात.”

“माशांना उवा?”

“हो. नवीन पिल्लं कुठून आणलीत? आणल्यावर वेगळी ठेवली होती का? मिठाच्या पाण्यातून काढली होती का?”

मी म्हटलं, “अहो, नव्या सुनेला कुणी गोठ्यात ठेवतं का? आणली, हळदकुंकू लावलं, सोडली.”

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं जसं डॉक्टर नाडी सुटलेल्या पेशंटकडं बघतात. पण औषध दिलं, मासे वाचले, आणि गावानं माझी पुढची तीन वर्षं ‘उवाळे आबा’ म्हणून हजेरी घेतली. डॉक्टरांनी मात्र मला त्यावरून कधी चिडवलं नाही. उलट माझ्या थापा ते चवीनं ऐकायचे. गोष्ट संपली की चष्मा पुसत विचारायचे, “आबा, यातलं निम्मं खरं धरू?” मी म्हणायचो, “पाव धरा. तुम्ही शिकलेले आहात, तुम्हाला फसवायचं नाही.”

घर त्यांचं कडक शाकाहारी. आयुष्यात माशाचा तुकडा चाखला नाही. सरकारी नोकरीत असताना तेव्हाच्या औरंगाबादेतून सुट्टीच्या दिवशी एसटीनं, नाहीतर कन्नडच्या जीपमध्ये दाटीवाटीत बसून आमच्याकडं यायचे. झोळीत काचेच्या बाटल्या, कात्री, चिमटा. जीपमधल्या बाया नाकाला पदर लावायच्या. त्यांचं एकच पालुपद, रोग झाल्यावर डॉक्टर कशाला, आधी या. जाळं उन्हात कडकडीत वाळवा. पाय धुवा. नवीन मासा आणला तर वेगळ्या हौदात ठेवून बघा. आणि एका तळ्याचं पाणी दुसऱ्यात नेऊ नका. बाकी सगळं लोक हसत हसत ऐकायचे. हे शेवटचं मात्र ऐकलं की तोंडं फिरवायचे.

कारण आमच्याकडं पाण्याचं वाण द्यायची रीत पडली होती. शेततळी नवी नवी आली तेव्हा बायांनीच ती काढली. नवं तळं भरलं की त्याला एकटं ठेवायचं नाही. मार्गशीर्षातल्या गुरुवारी आसपासच्या जुन्या तळ्यांतून एकेक घागर पाणी वाजतगाजत आणायचं आणि नव्या तळ्यात ओतायचं. नवरीला घरातल्या थोरामोठ्यांच्या पाया पडायला नेतात ना, तसं नव्या पाण्याला जुन्या पाण्याशी भेटवायचं. वाण नाकारणं म्हणजे सोयरीक मोडणं. मी डॉक्टरांना म्हणालो होतो, “घागरभर पाण्यात येऊन येऊन काय येणार?” ते म्हणाले, “सगळं येतं आबा. घागर भरली की तळंच येतं.”

या वाणात सगळ्यांत मान हौसाबाईच्या तळ्याला. हौसाबाईचं घर मेंढरं वळणारं. नवरा गेल्यावर तिनं मेंढरं विकली आणि गावतळं ठेक्यानं घेतलं. निजामाच्या काळातलं ते तळं, पोलीस ॲक्शननंतर सरकारजमा झालेलं, पुढं ग्रामपंचायतीकडं आलेलं, आणि तोवर म्हशी डुंबवण्यापलीकडं त्याचा कुणाला उपयोग सुचला नव्हता. हौसाबाईनं त्यात मासे वाढवले. माशांचं तिला काही ठाऊक नव्हतं, मेंढरांचं होतं, म्हणून तिनं माशांना मेंढरासारखंच पाळलं. सकाळी पेंड आणि कोंडा घेऊन बांधावर उभी राहायची आणि मेंढरांना घालायची तीच हाळी घालायची, “हुर्र... या गं या...” आणि सगळं तळं तिच्याकडं सरकत यायचं. याच्यात माझं एक मापटंभरही मीठमसाला नाही. पाण्यावर आधी सुरकुती उठायची, मग तोंडं दिसायची. डॉक्टरांनी पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा ते तिथंच मातीत बसले आणि बाई घरी गेली तरी उठले नाहीत. पुढं दर फेरीला ते आधी तिच्याकडं जायचे, मग माझ्याकडं. पाण्याच्या वाणाचं सोडून तीही त्यांचं सगळं ऐकायची. “डागदर, माशाला ताप आला तर हात कुठं लावून बघायचा?” असं विचारून त्यांना हसवायची, आणि ते खरंच विचारात पडायचे.

त्या वर्षी थंडी कडाक्याची होती. एका सकाळी हौसाबाईला मृगळाच्या अंगावर तांबडे चट्टे दिसले. मग दोन-चार मेलेले मासे काठाला लागले, त्यांच्या कुशीत जखम, आत हाड दिसेपर्यंत खोल. तिनं मला सांगितलं, मी एसटी स्टँडवरून डॉक्टरांना फोन लावला, ते दुपारच्या जीपनं आले. देवळाच्या ओट्यावर त्यांनी सूक्ष्मदर्शक मांडला, जखमेतला कण काचेवर दाबला, आणि बराच वेळ डोळा वर काढला नाही. मला त्यांनी दाखवलं, मला तर नुसते पांढरट धागे दिसले. ते म्हणाले, बुरशी आहे. पण बुरशी दोन प्रकारची असते, एक जखमेवर नंतर बसणारी, साधी. दुसरी जखम करणारी. ती एकदा तळ्यात आली की पाण्यासोबत वाहत जाते आणि खालची सगळी तळी नासवते. पक्कं सांगायला नमुना बाहेर राज्यातल्या मोठ्या प्रयोगशाळेत पाठवायला हवा, तिथून उत्तर यायला दिवस लागतात. आणि गुरुवार तोंडावर होता. पाच-सहा नवी तळी भरून तयार होती, त्या सगळ्या घरच्या बाया हौसाबाईच्या तळ्याला घागरी घेऊन येणार होत्या.

डॉक्टर घरोघर फिरले. मीही त्यांच्यासोबत. आयुष्यात पहिल्यांदा लोक माझ्या तोंडून खरं ऐकत होते, आणि ते त्यांना पटेना. एका घरी म्हातारी म्हणाली, “हौसाच्या पाण्याला नाय म्हनायचं? लक्षुमी दारातून माघारी घालवायची का?” दुसरी हळूच म्हणाली, “तुमी झोपल्यावर नेऊ.” डॉक्टरांनी पैठणच्या पाण्याचं वाण घ्या म्हणून सुचवलं, नळाचं घ्या म्हणाले, शेवटी हात जोडले. हात जोडलेला डॉक्टर बघून लोकांना वाटलं की यात काहीतरी सरकारी डाव आहे.

संध्याकाळी ते हौसाबाईच्या बांधावर गेले. मी बाजूला उभा होतो. ते बोलणं मला शब्दन्शब्द पाठ आहे.

“डागदर, त्योच रोग हाये का?”

“तोच.”

“औषिद?”

“या रोगाला नाही. जेवढे मासे जाळ्यात येतील तेवढे काढून चुन्यात पुरायचे, राहतील ते पाण्यात औषध टाकून मारायचे. तळ्यात मासाच नाही म्हटल्यावर कुणी वाणाला यायचं नाही. नाहीतर खालचं एकही तळं राहणार नाही.”

ती पाण्याकडं बघत राहिली. मग तिनं परत विचारलं, “नक्की त्योच?”

“नक्की, हौसाबाई.”

“तुमी नक्की म्हनता. मंग मारा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं जाळं घेऊन उतरली. जाळं आमच्याकडं एकच, भजनी मंडळाच्या पेटीसारखं गावोगाव फिरणारं. पण तळं पसरट, मासे थंडीनं तळाशी दडलेले, आणि दोन ओढीत पदरात पडली पसाभर पिल्लं. डॉक्टर म्हणाले, मासे एका कोपऱ्यात आले पाहिजेत, नाहीतर काम व्हायचं नाही. कुणाच्या मनात काय आलं ते प्रत्येकाला कळलं होतं, पण तोंडातून कोण काढणार? हौसाबाईनं पदर खोचला, पेंडीची पाटी घेतली, रोजच्या दगडावर जाऊन उभी राहिली आणि हाळी घातली.

ते आले. आजारी होते तेही आले. पाण्यावर ती सुरकुती उठली, मग तोंडं, मग तो आवाज... मासे पेंड खाताना एक चपचप आवाज होतो, जेवणाच्या पंगतीत लहान मुलं करतात तसा. तिनं पाटी रिकामी केली. मुठी मुठीनं, सावकाश, रोजच्यासारखी. पाटी रिकामी होईपर्यंत डॉक्टरांनी जाळं ओढू दिलं नाही. नंतरचं मी सांगत नाही. मला हजार थापा सांगता येतात, पण त्या सकाळचं एक वाक्य वाढवता येत नाही आणि एक कमी करता येत नाही. कळीचा चुना खड्ड्यात फसफसत होता आणि हौसाबाई दगडावर पाठ करून उभी होती. डॉक्टर तिच्याकडं जायला निघाले आणि अर्ध्या वाटेत थांबले. मी त्यांना तसं थांबलेलं पुढं कितीदा बघितलं.

गुरुवारी कुणी घागर घेऊन आलं नाही.

नमुना डॉक्टरांनी बर्फात घालून पाठवला होता. रस्त्यात कुठंतरी गाड्या अडल्या, पेटी पार्सलच्या खोलीत दिवसचे दिवस पडून राहिली, पोचली तेव्हा बर्फाचं पाणी आणि माशाचा चिखल झाला होता. प्रयोगशाळेनं कळवलं, तपासता येण्याजोगा नाही, दुसरा पाठवा. दुसरा कुठून पाठवणार? तळं रिकामं, मासे चुन्यात. डॉक्टरांना हे लपवता आलं असतं, कुणी विचारणारं नव्हतं. ते जीपनं आले आणि सरळ हौसाबाईकडं गेले. मी म्हणत होतो, चहा तरी घ्या, मग बोलू. ते थांबले नाहीत.

“नमुना खराब झाला, हौसाबाई. आता काही कळणार नाही. तो तोच रोग होता की नाही, ते कळणार नाही.”

“म्हंजी तुमालाबी ठावं नव्हतं?”

“मला तसं वाटत होतं.”

“मला तुमी नक्की म्हनलं.”

“हो. वाटतं म्हणालो असतो तर तुम्ही हो म्हणाला नसता.”

“नसते म्हनले,” ती म्हणाली. “आन् म्या बोलिवलं त्येंला. तुमी नाय, म्या.” मग ती उठली, आत जाता जाता उंबऱ्यात थांबली. आवाज चढला नव्हता. “डागदर, आता बांधावर येऊ नका.”

त्यांनी मान हलवली, जसं काही त्यांना औषधाची मात्रा सांगितली होती.

खालच्या तळ्यांना तो रोग कधीच झाला नाही. आता याचा अर्थ काय लावायचा? डॉक्टरांनी अडवला म्हणून आला नाही, की मुळात नव्हताच? साप घरात शिरला नाही तर दार लावणाऱ्याचे पाय कुणी धरत नाही. गाव म्हणालं, डॉक्टरनं उगाच तळं मारलं. मी डॉक्टरांची बाजू घेऊन भांडलो, आणि मी बाजू घेतोय म्हटल्यावर लोकांची खात्रीच पटली.

पण डॉक्टरांना कुणाच्या भांडणाची गरज नव्हती, ते आतल्या आत एकटेच भांडत होते. नोकरीतून मोकळे झाल्यावर त्यांनी चिकलठाण्याच्या जुन्या औद्योगिक वसाहतीत एक शेड भाड्यानं घेतलं. शेजारी वेल्डिंगचं दुकान, समोर बंद पडलेला कारखाना, वरून विमानं. तिथं त्यांनी स्वतःची प्रयोगशाळा थाटली, का तर नमुना दूर पाठवावा लागू नये. प्रत्येक माशाचे तीन नमुने ठेवायचे. एक बर्फाच्या पेटीत, एक औषधात, आणि एक दुसऱ्या पेटीत, पहिली बिघडली तर. वीज गेली की विमान कोसळल्यासारखे धावायचे. वेल्डर रहीमभाई मला सांगायचा, “आबा, इनकू समझाओ. मच्छी मरी सो मरी, डॉक्टरसाब कायकू मररे?” जालन्यापासून, वैजापूरपासून लोक बाटल्यांत, डब्यांत, एकदा तर मुलाच्या पाण्याच्या बाटलीत मासा घेऊन यायचे. डॉक्टर बघायचे, तपासायचे आणि म्हणायचे, “मला असं वाटतं...” लोक वैतागायचे. “अहो, नक्की काय ते सांगा ना.” ते म्हणायचे, “वाटतं. वाटतं त्याप्रमाणं काय करायचं ते सांगतो.” ‘नक्की’ हा शब्द त्यांच्या तोंडून मी पुन्हा ऐकला नाही. लग्नाच्या आमंत्रणालासुद्धा, “येईन असं वाटतं.” आणि यायचे सगळ्यांच्या आधी.

आमच्याकडं यायचं त्यांनी सोडलं नाही. माझं तळं बघायचे, मग म्हणायचे, “जाऊन येऊ?” कुठं ते विचारायचं नसायचं. हौसाबाईच्या तळ्याच्या बांधाखाली, रस्त्याच्या कडेला एक बाभूळ आहे, तिथवर. तिथं उभे राहायचे आणि वर बांधाकडं बघायचे, पाणी दिसत नसे तरी. हौसाबाईनं नव्यानं पिल्लं आणून सोडली होती, आणि डॉक्टरांचा एकेक नियम असा पाळत होती की डॉक्टरांनीही पाळला नसता. जाळं स्वतःचं घेतलं. बांधाच्या पायरीशी चुन्याचं घमेलं. नवीन मासा आधी हौदात. आणि पाण्याचं वाण तिनं आपल्या तळ्यापुरतं बंद केलं, त्यासोबत हळूहळू सगळीकडचं बंद झालं. फक्त हाळी घालायची तिनं सोडलं. पेंड टाकायची आणि गप्प उभी राहायची.

डॉक्टर मला विचारायचे, “तिचे मासे वर येतात का?” मी म्हणायचो, वर येतात म्हणजे काय, परवा एका रोहूनं पाण्याबाहेर तोंड काढून मला राम राम घातला, आणि हौसाबाई तुमची चौकशी करत होती. ते म्हणायचे, “आबा, यातलं कोणतं पाव खरं?” मी पहिलं म्हणायचो.

पुढं पुढं एक झालं. ते बाभळीखाली उभे राहिले की थोड्या वेळानं हौसाबाईची सून चहा घेऊन यायची. स्टीलचा ग्लास दगडावर ठेवायची, “आत्यानं दिलाय” म्हणायची आणि निघून जायची. एकदा डॉक्टरांनी ग्लास रिकामा केला, धुऊन ठेवला, आणि सुनेला म्हणाले, “त्यांना सांगा, चहा चांगला होता.” दुसऱ्या खेपेला मला वाटलं आता बोलावणं येईल. आला चहा. मी रागावून म्हणालो, “डॉक्टर, आज चढाच वर. मी सांगतो तिला.” त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “नको. त्यांनी एकदाच सांगितलंय, आणि मला ते नीट कळलं होतं.”

गेल्या संक्रांतीनंतर आले होते ते शेवटचं. थकलेले. जीपमधून उतरताना त्यांना मी हात दिला, तर हात एवढा हलका की कुणी आत नसलेला सदरा धरावा. बाभळीखाली आम्ही बसलो. सकाळ होती, वर हौसाबाई पेंड टाकत असणार, कारण तो आवाज येत होता. बांधाआडून, बारीक, चपचप. डॉक्टर ऐकत होते. म्हणाले, “आबा, मला हा आवाज शेडमध्येही येतो. पेटीचा पंखा बंद झाला की.” मग ते म्हणाले, “मी गेलो की थोडं इथं... नंदिनीला बोललोय. पण त्यांना विचारून.” चहा आला. त्यांनी अर्धाच घेतला.

नंतर नंदिनी आली, बरोबर तांब्याचा लहान कलश. बाकीची रक्षा पैठणला गोदावरीत दिली होती, थोडी कलशात ठेवली होती, त्यावर गोदावरीचं पाणी, तोंडाला लाल कापड. मी गाडी चालवत होतो आणि वाटेत एक शब्द बोललो नाही, त्यावरून ती बिचारी घाबरली. बाभळीपाशी गाडी उभी केली. हौसाबाई बांधाच्या पायरीवर बसलेली होती, जणू आम्ही येणार हे तिला आधीच कळलं होतं. तिला मी सगळं सांगितलं. तिनं कलश हातात घेतला, कापड सोडलं, आत बघितलं.

“पानी कुठलं?”

“गोदावरीचं,” नंदिनी म्हणाली. “पैठणचं.”

हौसाबाईनं कापड परत बांधलं. “मंग नाय.”

नंदिनीचे डोळे भरले. “आजी, इतकी वर्षं झाली. ते आता नाहीत. अजूनही...?”

“तसं नव्हं, बाय.” हौसाबाईनं तिचा हात धरून तिला शेजारी बसवलं. “बाहीरचं पानी ह्या तळ्यात जात नाय. देवाचं असू दे, मानसाचं असू दे. तुज्या बापानंच सांगितलंय मला. त्यो आता स्वता आला म्हनून सोडू?”

मी तोंड दुसरीकडं केलं. मला तिथं हसू आलं, का दुसरं काय ते आलं, मला सांगता येणार नाही.

हौसाबाईनं आम्हाला घरी नेलं. परातीवर फडकं धरून कलशातलं पाणी गाळलं आणि ते अंगणातल्या पेरूच्या झाडाला घातलं. उरलेली राख तिनं बोटांनी परातीत पसरली, कणीक मळायच्या आधी पीठ मोकळं करतात तशी, खडे न फोडता. वर पातळ लुगड्याचा तुकडा बांधला, वाऱ्यानं उडू नये म्हणून. परात उन्हात ठेवली. “नवा मासा आनला तर डागदर म्हनायचे, आदी येगळा ठिवा. जाळं म्हनायचे, कडक वाळू द्या. मंग आता ह्येबी वाळू दे. मी सोडीन, तू जा.” नंदिनीनं तिच्या पाया पडून निरोप घेतला. वाटेत मला विचारलं, “सोडतील ना?” मी म्हणालो, “सोडेल असं वाटतं.”

आता उन्हाळा भर रंगात आहे. आमच्याकडचं ऊन म्हणजे अंगणात पापड टाकला तर भाजूनच उचलावा, उसनी ओल कुठं शिल्लक नाही. मी दर बाजाराला वाकडी वाट करून हौसाबाईकडं जातो. परात अंगणात असते. तिनं ती कडुलिंबाच्या सावलीतून बाहेर सरकवलेली असते, सावली हलली की उठून ती परत सरकवते, संध्याकाळी आत घेते, सकाळी पुन्हा बाहेर काढते. काल मी फडक्याची कड उचलून बघितलं. राख इतकी कोरडी की माझ्या श्वासानं हलली. म्हटलं, “हौसाबाई, झालं की वाळून. आता घेऊन जाऊ या का बांधावर?”

तिनं हात पुढं करून राखेत दोन बोटं घातली, चोळली, नाकाशी नेली.

“नाय आबा,” ती म्हणाली, “अजून ओल हाये.” आणि फडकं नीट ओढून घेऊन परातीशेजारी पेंड फोडत बसली.